का

कार्डावर माझा फोटो आणि खाली दोन ओळी:
कुटुंबासोबत वास्तव्य. काम करण्यास परवानगी नाही.
हाकोदातेच्या नगरपालिकेत खिडकीपलीकडच्या मुलीने
'व्यवसाय' या रकान्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं,
तेव्हा छातीशी बांधलेली लीला
तिच्याच पेनाचं टोपण चोखत होती.

हेमांगी साडेसहाला निघते.
समुद्रातल्या पानांवर तिचा प्रबंध आहे,
किती थंडीत ती वाढायची थांबतात, कधी पुन्हा धरतात.
जाण्याआधी दूध काढून ठेवते.
पिशवीवर तारीख, वेळ, किती मिली,
प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर असतं तेच बारीक अक्षर.
एकदा मी घाईत भलतीच पिशवी कोमट पाण्यात सोडली.
पाणी हिरवट झालं तेव्हा कळलं.
तिचे सहा आठवडे गेले.
ती ओरडली नाही,
न्हाणीघरात नळ सोडून बसली.

दुपारी रॉकेलची गाडी गाणं वाजवत येते.
डबा भरून घेतो.
मग एका कोटातून दोन डोकी बाहेर काढून
ट्रामच्या थांब्यापर्यंत जातो,
ट्राम येते, थांबते, आम्ही चढत नाही.
ड्रायव्हर आता मान लववतो आणि दार लावून घेतो.

कराडहून आई फोनवर विचारते,
"मग दिवसभर तू करतोस काय?"
मी कॅमेरा लीलाकडे वळवतो.
पतपेढीत एका दुपारी चाळीस कर्जप्रकरणं हातावेगळी करायचो.
इथे एका दुपारी एक झोप लागते,
तीही अर्धी,
आणि तिच्या मुठीतून माझं बोट सुटेपर्यंत
मला शिंक येऊन चालत नाही.

खालच्या मजल्यावरच्या सुगावारा बाईंनी
उभा जन्म माकुल वाळवले. नखं अजून पिवळी आहेत.
त्यांना 'ल' म्हणता येत नाही.
रीरा-चान, म्हणतात, रीरा-चान,
आणि लीला दोन्ही नावांना वळून बघते,
एक घरात घालायचं, एक बाहेर जाताना.

बाईंची बहुतेक वाक्यं 'का'वर संपतात.
मला त्यातलं तेवढं शेवटचं अक्षरच कळतं.
म्हणजे काहीतरी विचारलंय,
म्हणजे हसून मान हलवायला हवी.
आमच्याकडेही ते असंच शेवटी येतं:
प्यायली का. झोपली का.
आजही उशीर होणार का.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी
कचऱ्यावरची निळी जाळी उचकटून
कावळा नेमका आमचा डायपर ओढत होता.
लीलाने हातमोज्यातला हात कोटाबाहेर काढला
आणि म्हणाली: का.

सुगावारा बाईंनी बर्फाचं फावडं टाकून टाळ्या वाजवल्या.
कारासु, कारासु!
त्यांच्याकडचा कावळा 'का, का' असाच ओरडतो,
म्हणजे पोरीने कावळ्याला बरोबर ओळखलं.
मला ते विचारल्यासारखं ऐकू आलं.
कशाबद्दल, कोण जाणे.
बर्फाबद्दल. उजाडायच्या आत निघून जाणाऱ्या आईबद्दल.
किंवा जगात एवढं सगळं पडलेलं असताना
हा पक्षी माझाच डायपर नेतोय, याबद्दल.

रात्री हेमांगी आली, हातांना खाऱ्या पाण्याचा वास.
मी सांगितलं.
बूट न काढताच ती म्हणाली, "खरंच का?"
आणि मग स्वतःच गप्प झाली.
अकरा वाजेपर्यंत ती लीलापुढे बसून
का, का, का करत होती.
लीला तिच्या तोंडात बोटं घालून दात मोजत होती.

शेवटी तिने कपाटातून आई-बाळाची सरकारी वही काढली.
पहिला शब्द: का. तारीख. वेळ.
'कोणी ऐकला' असा रकाना त्यात नाही.
तिने समासात पट्टी धरून एक आखला
आणि माझं नाव लिहिलं,
नमुन्यांवर लिहिते त्या अक्षरात,
वाहून जाऊ नये म्हणून जरा दाबून.

इतक्यात स्टोव्ह पीं-पीं करू लागला.
रॉकेल संपलं होतं.
मी उठलो.